चित्रच तर काढायचे आहे!

गेल्या महिन्यात येथील एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. विषयपत्रिकेवरील सातवा विषय असा होता: बेंगळुरात नोकरी करणारे दोन मराठी तरुण फावल्या वेळात एक व्हिडिओ गेम रचीत आहेत, त्यातील नायिकेची हलती चित्रे हाताने रंगवून घ्यावयाची आहेत, त्या कामी मंडळाने आपल्या ठेवीच्या व्याजातून साहाय्य करावे काय? पाठीशी मोठी कंपनी नसलेल्या अशा खेळास ‘इंडी गेम’ म्हणतात. या खेळाची नायिका तेरेखोलच्या खाडीत तर चालविणारी एक नऊवारीतली बाई आहे. चर्चा दहा मिनिटे चालली. अखेर एक वयोवृद्ध सभासद, जे निवृत्तीपूर्वी चांगल्या हुद्द्यावर होते, म्हणाले, “अहो, चित्रच तर काढायचे आहे! तीन दरपत्रके मागवा, सर्वांत कमी दर असेल त्याला काम द्या, आणि पुढचा विषय घ्या.” सर्वांनी माना डोलावल्या. निर्णय पुढील बैठकीवर गेला, तो केवळ चहा आला म्हणून.

‘चित्रच तर काढायचे आहे’ हे वाक्य आम्ही त्यानंतर अनेक दिवस मनात घोळवीत आहोत. ते बोलणाऱ्या सद्गृहस्थांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु या वाक्यात आपल्या सुशिक्षित मराठी नोकरवर्गाची कलेकडे पाहण्याची सारी दृष्टी साठली आहे, आणि ती दृष्टी चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही कोणत्या अधिकाराने मांडतो, ते पुढे येईलच. तो अधिकार फारसा गौरवाचा नाही.

प्रथम एका आक्षेपाचे निरसन करू. पुष्कळांस वाटते की, खेळ ही पोरांची बाब. तिच्यासाठी चित्रकाराची मनधरणी कशाला? वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी सावंतवाडीचा राजवाडा पाहिला असेल, त्यांनी तेथील गंजिफा आठवाव्या. दशावतारी गंजिफाच्या एका संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकशेवीस गोल पाने असतात. आणि पान न् पान चिताऱ्याने हाताने रंगवून त्यावर लाखेचा हात दिलेला असतो. ही कला लयास जाऊ लागली, तेव्हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राजघराण्याने एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांस बसावयास जागा दिली. आम्ही ज्या कर्नाटकात अन्न खातो, तेथे म्हैसूरचे मुम्मडि कृष्णराज वोडेयर यांनी एकोणिसाव्या शतकात गंजिफाचे नवे नवे डाव रचले. त्यांतील काहींत पानांची संख्या तीनशेवर जाते. त्यांचे वर्णन ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथाच्या ‘कौतुकनिधी’ नावाच्या भागात केले आहे. खेळासाठी चित्रे रंगवून घेणे हे त्या राजास हलके काम वाटले नाही. आमच्या सातव्या विषयास मात्र दहा मिनिटे पुरली.

आता काम तरी काय आहे, ते पाहू. ज्यांनी कधी असे काम करवून घेतले नाही, त्यांची समजूत अशी असते की, चित्रकाराने नायिकेचे एक सुरेख चित्र काढावे आणि पुढचे संगणक पाहून घेईल. वस्तुस्थिती निराळी आहे. पडद्यावर एका सेकंदास चोवीस चित्रे सरकतात. एकेक चित्र दोनदा दाखविले, तरी सेकंदास बारा चित्रे लागतात. नायिका नुसती उभी असली, तरी तिचा श्वास दिसावा लागतो. त्यास आठ चित्रे. चालण्यास बारा, धावण्यास आठ, उडीस दहा, वल्हे मारण्यास बारा, शिडी चढण्यास बारा, लागले-खुपले तर सहा, पडण्यास बारा. एवंच ऐंशी चित्रे झाली. प्रत्येक चित्राचा आधी शिसपेन्सिलीने कच्चा आराखडा, मग नेमकी रेघ, मग जलरंग, मग ते यंत्रावर उतरवून भोवतालचा कागद काढून टाकणे. यास अडीच तास धरले, तरी दोनशे तास होतात. शिवाय रंगाची छटा एका चित्रात किंचित गडद व दुसऱ्यात किंचित फिकी झाली, तर हलताना ते अंग उकळत्या पाण्यासारखे थरथरते. एक चित्र बिघडले, की शेजारची दोन बिघडतात. एकटे चित्र सुंदर असून येथे भागत नाही; ते मागच्याशी व पुढच्याशी जुळावे लागते.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती मराठी माणसासच कळावी अशी आहे. नायिका उजवीकडे चालते, तशी डावीकडेही चालते. यासाठी परदेशी खेळांत सर्रास तेच चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे करतात, आणि निम्मे काम वाचवितात. पण आमच्या नायिकेचे चित्र उलटे केले, की तिचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातो! बेळगावपासून गोव्यापर्यंतची कोणतीही आजी पडद्याकडे पाहून म्हणेल, “हिला लुगडे नेसता येत नाही.” म्हणजे एक तर ही चूक सोसावी, किंवा दुसऱ्या बाजूची ऐंशी चित्रे पुन्हा रंगवावी. दोनशेचे चारशे तास होतात.

हे सारे आम्हांस ठाऊक कसे, असे वाचक विचारतील. तीच आमची लज्जास्पद कथा आहे. मंडळाकडे विषय येण्यापूर्वी, गेल्या वर्षी, हे दोन तरुण आमच्याकडे आले होते. त्यांस वाटले, हे केंद्र सरकारच्या कचेरीत कार्यासनावर बसणारे गृहस्थ आहेत. यांस कार्यादेश लिहिता येत असेल. आम्हांस तो लिहिता येतो. आमचा दिवस त्यातच जातो. आम्ही एका रविवारी बसून सुबक मसुदा तयार केला. चार चित्रकारांची दरपत्रके मागविली. त्यांतील कमीत कमी दर बारा हजार रुपयांचा होता. तो देणारा मुलगा कुडाळकडचा, येथील एका जाहिरातीच्या कचेरीत दिवसा काम करून रात्री स्वतःची चित्रे काढणारा. आम्ही कलमे घातली: संपूर्ण काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्यावर देयक अदा केले जाईल, आवश्यक त्या दुरुस्त्या चित्रकार विनामूल्य करून देईल, विलंबास दंड राहील. चित्रे किती, दुरुस्त्या किती, समाधान कोणाचे, यांविषयी एक अक्षर नव्हते. आगाऊ रक्कम नव्हती. त्याचे नाव खेळात कोठे छापले जाईल, हेही नव्हते. आमचा मसुदा वाचून ते दोघे तरुण आदराने आमच्याकडे पाहू लागले, आणि आम्हांस ते आवडले.

त्या मुलाने एकोणीस चित्रे आणून दिली. उत्तम होती. आम्हीच त्यांत पदराची चूक काढली. कारण उलट बाजूचे चालणे त्याने, आमच्या दराला साजेल असे, आरशातले केले होते. तो म्हणाला, “दादा, पदर नीट करता येईल. पण मग त्या बाजूची सगळी चित्रं परत रंगवायला लागतील. त्याचं काय?” आम्ही म्हणालो, “करारात दुरुस्त्या धरल्या आहेत.” त्याने मसुदा पुन्हा एकदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि तो गेला. भांडला नाही. बारा हजारांस चारशे तासांनी भागले, तर तासास तीस रुपये पडतात, हा हिशेब आम्ही त्या रात्री प्रथम केला. आमच्या घरचा नळ दुरुस्त करणाऱ्यास आम्ही दारात पाऊल टाकण्याचेच त्याहून कितीतरी अधिक देतो, आणि तेही घासाघीस न करता. त्या एकोणीस चित्रांचे पैसे आम्ही आठ महिन्यांनी, मन फार टोचू लागले तेव्हा पाठविले. खेळात ती नायिका आजही एक पाऊल उचलते, आणि दुसरे टेकण्यापूर्वी चित्रे संपतात.

म्हणून म्हणतो, हा लेख दुसऱ्यावर दगड मारण्यासाठी नाही.

आता आमच्या धंद्याच्या शास्त्राकडे वळू. कारण सद्गृहस्थांचा खरा भरवसा तेथेच आहे. ‘कमीत कमी दर’ हा जणू सरकारी सचोटीचा मूलमंत्र आहे, असे आपण मानतो. वाचकहो, आपणांपैकी पुष्कळांच्या मेजावरून निविदा जातात. आपण मनावर हात ठेवून सांगा, नियमांचे पुस्तक खरोखर एवढेच सांगते काय? २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १७२ वा नियम, योग्य हमी घेऊन, खासगी पुरवठादारास करारमूल्याच्या ३० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम देण्यास वाव ठेवतो. सल्लागार नेमताना गुणवत्ता आणि किंमत या दोहोंस गुण देऊन निवड करण्याची पद्धत त्याच पुस्तकात आहे. ज्याचे काम विशिष्ट आहे, अशा एकट्यालाच कारणे नोंदवून नेमण्याची सोयही आहे. सरकारने हे सारे लिहून ठेवले. आपण मात्र त्यातील सर्वांत सोपे तेवढे पाठ केले, कारण कमी दर निवडणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. जेथे लेखापरीक्षकाची सावलीही पडत नाही, अशा घरच्या मंडळातही आपण तेच भय घेऊन जातो. खुर्च्यांसाठी कमी दर योग्यच आहे. या कंपनीची खुर्ची व त्या कंपनीची खुर्ची यांवर सारखेच बसता येते. दोन चित्रकारांची एकच बाई सारखी चालत नाही. मग तुलना कशाशी करता?

हक्कांचेही तसेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम किती जणांनी वाचले आहे? मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून रंगचित्र काढले, तर, विरुद्ध करार नसल्यास, त्या चित्राचा पहिला स्वामी चित्रकार नसून ते सांगणारा होतो! म्हणजे चित्रकार गप्प राहिला, तर कायदा आपल्या बाजूने बोलतो. चित्रपटात वापरलेल्या कृतींपुरते २०१२ च्या दुरुस्तीने कर्त्याचे हक्क राखले. परंतु खेळासाठी काम करणाऱ्या होतकरू चित्रकाराने त्याच्या भरवशावर राहू नये. त्याच कायद्याचे ५७ वे कलम मात्र सांगते की, हक्क विकले तरी कृती आपली आहे असे म्हणण्याचा, आणि तिची आपल्या लौकिकास बाधक अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. आम्हां लिहिणाऱ्यांस हे दोन्ही ठाऊक असते. त्याला बहुधा एकही ठाऊक नसते. अशा वेळी करार लिहिणाऱ्याने मौन पाळणे हे कायदेशीर असेल, सभ्य नाही.

‘आता यंत्र हे सारे पाच मिनिटांत करते’ हा आक्षेप आमच्या बैठकीतही निघाला. आम्ही यंत्राचे वैरी नाही. यंत्राने काढलेली चित्रे कोणास वापरावयाची असतील, तर त्याने ती खुशाल वापरावी. पण तसे सांगावे. स्टीम नावाच्या ज्या मोठ्या बाजारात असे खेळ विकले जातात, तेथे जानेवारी २०२४ पासून खेळकर्त्यास यंत्ररचित मजकुराची कबुली द्यावी लागते. आपल्याकडे हे नवे नाही. येवल्याच्या मागावर विणलेली पैठणी आणि यंत्रावर काढलेली तिची नक्कल यांतील भेद आपल्या घरी लग्न ठरले, की सर्वांस अचूक कळतो. नक्कल हातमागाच्या भावाने कोणी गळ्यात मारली, तर आपण दुकानदाराशी भांडतो. मग ‘हाताने रंगविलेले’ या शब्दास तेवढीच किंमत का असू नये? शिवाय ही यंत्रे ज्या अगणित चित्रांवर शिकली, ती कोणीतरी हातानेच काढली होती, आणि त्यांतील पुष्कळांस कोणी विचारले नव्हते. कुडाळच्या त्या मुलाला आम्ही दुरुस्त्या फुकट मागितल्या. यंत्रवाल्यांनी मूळ चित्रेच फुकट घेतली. आमच्यात आणि त्यांच्यात अंतर आहे ते प्रमाणाचे.

ज्यांच्यापाशी खरोखरच पैसा थोडा आहे, त्यांस प्रामाणिक मार्ग नाही असेही नव्हे. नायिकेचे डोके, धड, हात, पाय वेगवेगळे एकदाच रंगवावे आणि संगणकात सांध्यांवर हलवावे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्याआड नाचवितात, त्या कलेशी हिचे नाते आहे. पिंगुळीची चित्रकथी व बाहुल्या जतन करणारे परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. येथे बेंगळुरातही चित्रकला परिषदेत कर्नाटकाच्या तोगलु गोंबे, म्हणजे चामडी बाहुल्या, जपून ठेवल्या आहेत. रविवारी जाऊन अवश्य पाहाव्या. बाहुलीची चाल बाहुलीसारखी असते, आणि तीत तिचे सौंदर्य आहे. दोष आहे तो बाहुलीचे पैसे देऊन चित्रामागून चित्र रंगविलेल्या जिवंत चालीची अपेक्षा करण्यात. आम्ही नेमके तेच केले.

‘यात पैसा मिळणार नाही’ हा शेवटचा आक्षेप. कदाचित मिळणार नाही. २०१७ साली निघालेल्या ‘कपहेड’ या कॅनडातील खेळासाठी दोघा भावांनी नोकऱ्या सोडल्या व घरे गहाण टाकली. त्यातील पात्रे कागदावर एकेक करून काढली होती. तो खेळ जगभर गाजला. पण प्रत्येक गहाण घर सुटतेच असे नाही. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. त्याच्या रंगकामावर पहाडी चित्रशैलीची छाया आहे, आणि कथाभाग छायाबाहुल्यांच्या धाटणीने सांगितला आहे. त्यासाठी २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न झाला होता. तो अयशस्वी ठरला. तरी खेळ पुरा झाला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याचे नामांकन झाले. लोकवर्गणीच्या त्या काळात आम्ही मराठी नोकरदारांनी काय दिले? नामांकनाची बातमी आली, तेव्हा अभिमान मात्र दिला.

आणि ज्या शहरात आम्ही राहतो, त्याची गोष्ट तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही या देशातील अगदी आरंभीची खेळसंस्था येथे १९९७ साली निघाली, आणि तिच्या चित्रकारांनी वर्षानुवर्षे परदेशी खेळांसाठी काम केले. २०१९ साली ती परदेशी कंपनीत विलीन झाली. टेक्निकलर ही बडी परदेशी संस्था फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळली, तेव्हा तिच्या येथील कचेरीतले चित्रकारही एका रात्रीत रस्त्यावर आले. म्हणजे हात आहेत, कसब आहे, शिक्षण आहे. काम सांगणारा मात्र परका आहे. आणि तो उठून गेला, की सारे थांबते. आपल्या भाषेतील, आपल्या खाडीतील, आपल्या पदरातील बाई रंगवावयास सांगणारा आपल्यातूनच निघाला नाही, तर तो कोठून येणार?

असे सांगणारे आपल्या नोकरीपेशात झाले नाहीत असे नाही. ‘एक अनेक और एकता’ हा चिमण्यांचा लघुपट आपणां सर्वांच्या बालपणी दूरदर्शनवर लागत असे. १९७४ सालच्या त्या चित्रपटामागे विजया मुळे होत्या. मराठी घरातील, महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढलेल्या, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेल्या. त्यांनी भीमसेन यांच्यासारख्या जाणत्या चित्रकाराच्या हाती ते काम सोपविले. काही मिनिटांचे ते काम पन्नास वर्षे टिकले आहे. त्यांच्या काळी आणि त्यानंतर निघालेली किती परिपत्रके आज कोणास आठवतात?

तेव्हा पुढील बैठकीत आम्ही सहा गोष्टी मागणार आहोत. चित्रकार त्याचे काम पाहून निवडावा, दर पाहून नव्हे. चित्रांची संख्या व दुरुस्त्यांच्या फेऱ्या कागदावर लिहाव्या, आणि त्यापुढील प्रत्येक दुरुस्तीचे पैसे द्यावे. तिसरा हिस्सा आगाऊ द्यावा, उरलेले टप्प्याटप्प्याने. हक्क किती वर्षांसाठी व कोठवर घेतले, ते लिहावे. मूळ कागद चित्रकाराचे राहावे. आणि त्याचे नाव खेळाच्या आरंभी, देणगीदारांच्या नावांच्या आधी यावे. मंडळापाशी एवढे पैसे नसतील, तर चित्रे कमी करावी. नायिकेने धावू नये, नुसते चालावे. पण जेवढी पावले ती टाकील, तेवढ्यांचे मोल द्यावे.

कुडाळच्या त्या मुलास आम्ही पुन्हा पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. येईलच असेही नाही, आणि न आल्यास तो त्याचा अधिकार आहे. मात्र मंडळाने तीन दरपत्रके मागवून कमीत कमी दराचा ठराव केला, तर आमची असहमती इतिवृत्तात नोंदविली जावी, अशी आमची मागणी राहील. आणि अध्यक्षांनी ती फेटाळली, तर हा लेखच ती नोंद समजावा.